सरणाच्या पावत्या

माणसावर होणारा शेवटचा खर्च लाकडाचा. सरण रचायला तीन-चार क्विंटल लाकूड लागते, वर घालायला कापड लागते. घरचे लोक असले तर ते पैसे भरतात. कोणीच पुढे आले नाही तर प्रेत बेवारस ठरते आणि खर्च सरकारी तिजोरीतून होतो. सरकारी पैसा गेला की पावती फाटते, पावतीची नोंद वहीत होते आणि वही कपाटात जाऊन पडते. १९९४-९५ च्या हिवाळ्यात अमृतसरच्या एका माणसाने अशा वह्या बाहेर काढून वाचल्या. पंजाबचे पोलीस दहा वर्षे ज्या गोष्टीचा इन्कार करत होते, ती त्या वह्यांत तारीखवार लिहिलेली होती.

त्या माणसाचे नाव जसवंतसिंग खालडा. तो वकील नव्हता, पत्रकार नव्हता. अमृतसरच्या एका सहकारी बँकेचा संचालक होता, आणि अकाली दलाच्या मानवी हक्क शाखेचे काम पाहत होता. हिशेबाची वही कशी वाचायची हे त्याला कळत होते. एका राज्याने आपल्याच नागरिकांना कसे नाहीसे केले, याचा भारतातला सर्वांत भक्कम पुरावा त्या वह्यांतून उभा राहिला.

त्या दशकातला पंजाब

त्या काळचा पंजाब मराठी माणसाच्या आठवणीत आहे तो प्रामुख्याने पुण्यातल्या एका खुनामुळे. ऑपरेशन ब्लू स्टारच्या वेळी लष्करप्रमुख असलेले जनरल अरुणकुमार वैद्य निवृत्तीनंतर पुण्यात राहत होते. १० ऑगस्ट १९८६ रोजी खलिस्तानी अतिरेक्यांनी भर रस्त्यात त्यांना गोळ्या घातल्या. त्याच वर्षी मुंबईचे माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो यांना पंजाबचे पोलीस महासंचालक म्हणून पाठवण्यात आले. पंजाबमधल्या वणव्याची धग अशी आपल्या दारापर्यंत आली होती.

तो वणवा खरा होता, हे आधी स्पष्ट म्हटले पाहिजे. अतिरेक्यांनी बस थांबवून प्रवाशांना खाली उतरवले आणि रांगेत उभे करून मारले. संपादक मारले, शेतमजूर मारले, पोलिसांच्या घरांतली बायकामुले मारली. जून १९८४ मधली सुवर्णमंदिरातली लष्करी कारवाई म्हणजेच ऑपरेशन ब्लू स्टार, ३१ ऑक्टोबरला झालेली इंदिरा गांधींची हत्या आणि त्यानंतर दिल्लीत झालेले शिखांचे हत्याकांड यांनी जखम आणखी खोल केली. १९८० च्या दशकाच्या आरंभापासून १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत या संघर्षात वीस हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांत निरपराध नागरिकांची संख्या फार मोठी होती. या हिंसेला आळा घालणे हे सरकारचे कर्तव्यच होते.

पण ते कर्तव्य पार पाडताना सरकारने कोणती हत्यारे हाती घेतली, हेही पाहायला हवे. १९८३ मध्ये पंजाब 'अशांत प्रदेश' ठरवणारा कायदा आला आणि सशस्त्र दलांना विशेष अधिकार मिळाले. पाठोपाठ टाडा हा दहशतवादविरोधी कायदा आला. या कायद्याने पोलीस अधीक्षकापुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात पुरावा म्हणून चालू लागला. एरवी आपल्या कायद्यात पोलिसापुढची कबुली ग्राह्य नसते, कारण ती कशी मिळवली जाते हे इंग्रजांच्या काळापासून सर्वांना माहीत आहे. मार्च १९८८ मध्ये तर घटनेत ५९ वी दुरुस्ती झाली. पंजाबमध्ये आणीबाणी पुकारून जगण्याचा मूलभूत हक्कसुद्धा स्थगित करण्याची सोय तिने केली. ती सोय प्रत्यक्षात वापरली गेली नाही आणि १९९० मध्ये ती रद्दही झाली. पण सत्तेची नजर कुठवर पोचली होती, हे त्या दुरुस्तीवरून समजते.

मे १९८७ पासून फेब्रुवारी १९९२ पर्यंत राज्यात राष्ट्रपती राजवट होती. पुढे निवडणूक झाली, पण अकाली दलाच्या प्रमुख गटांचा बहिष्कार आणि अतिरेक्यांची दहशत यांमुळे चारातल्या जेमतेम एका मतदाराने मत दिले. बिअंतसिंग मुख्यमंत्री झाले आणि पोलिसांचे नेतृत्व के. पी. एस. गिल यांच्याकडे होते. फरारी अतिरेक्यांच्या डोक्यांवर बक्षिसे लागलेली होती. माणसाला कोर्टात उभे केले तर पुरावा लागतो, साक्षीदार लागतात, वर्षे जातात. माणूस मारला तर बक्षीस लगेच मिळते. अशा व्यवस्थेत काय होणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

माणूस नाहीसा कसा होतो

'बेपत्ता' हा शब्द आपण सैलपणे वापरतो. जत्रेत हरवलेले मूल बेपत्ता असते, घर सोडून गेलेला म्हाताराही बेपत्ता असतो. पण सरकारी माणसांनी उचलून नेलेला आणि नेल्याचे सरकारने नाकारलेला माणूस वेगळा असतो. आंतरराष्ट्रीय कायद्यात याला सक्तीने नाहीसे करणे म्हणतात. या गुन्ह्यात दोन गोष्टी असतात. एक माणसाला उचलणे आणि दुसरी, तो आमच्याकडे नाही असे सांगणे. दुसरी गोष्ट पहिलीइतकीच भयंकर, कारण तिच्यामुळे कायद्याची सगळी दारे एकाच वेळी बंद होतात.

ती कशी बंद होतात ते पाहू. घटनेच्या २२ व्या कलमानुसार अटक केलेल्याला २४ तासांत न्यायाधीशापुढे उभे करावे लागते. पण अटकेची नोंदच नसेल तर ते २४ तास मोजायचे कुठून? घरच्यांनी हायकोर्टात हेबियस कॉर्पस याचिका केली, म्हणजे 'माणूस आमच्यापुढे हजर करा' अशी दाद मागितली, तर पोलीस शपथपत्रावर सांगतात की तो आमच्या ताब्यात नाही. मग काही दिवसांनी वर्तमानपत्रात दोन ओळी येतात. अमुक कालव्याजवळ पोलिसांची अतिरेक्यांशी चकमक झाली, दोन अनोळखी अतिरेकी ठार. पंजाबीत या चकमकीला 'मुकाबला' म्हणत. गावोगाव लोक हा शब्द उच्चारत तेव्हा त्यांना त्याचा दुसरा अर्थही माहीत असे.

यानंतर प्रश्न उरतो प्रेताचा. प्रेत घरच्यांना दिले तर ते जखमा पाहणार, फोटो काढणार, अंत्ययात्रेला गाव लोटणार. म्हणून प्रेत अनोळखी ठरवायचे. अनोळखी प्रेताचे काय करायचे याचे पोलीस नियम आहेत. पंचनामा करायचा, फोटो काढायचे, वर्णन प्रसिद्ध करायचे, वारसांसाठी थांबायचे. त्या वर्षांत पंजाबमध्ये हे नियम नुसते कागदावर राहिले. पोलिसांच्या गाडीतून प्रेत थेट स्मशानात जाई आणि घाईघाईने अग्नी दिला जाई. त्याच वेळी त्याची आई ठाण्याच्या फाटकाबाहेर डबा घेऊन बसलेली असे, या आशेवर की मुलगा आत आहे आणि तो जेवला नसेल.

वही वाचणारा माणूस

खालडा तेव्हाच्या अमृतसर जिल्ह्यातल्या, सीमेलगतच्या खालडा गावचे. घराण्यात इंग्रजांविरुद्धच्या गदर चळवळीचा वारसा होता. त्यांच्याच बँकेचे एक सहकारी संचालक नाहीसे झाले आणि त्यांचा शोध घेता घेता ते अमृतसरच्या दुर्गियाना मंदिराजवळच्या स्मशानात पोचले. सहकाऱ्याचे काय झाले ते तिथे कळले. पण तिथल्या कर्मचाऱ्यांकडून आणि वह्यांतून जे हाती लागले ते एका माणसापुरते नव्हते. पोलिसांनी आणलेल्या 'लावारिस' प्रेतांच्या ओळींमागून ओळी होत्या.

इथे क्षणभर त्या वहीपाशी थांबू या. ती छळाची डायरी नव्हती. ती खर्चाची वही होती. कोणत्या दिवशी प्रेते आली, कोणत्या ठाण्याने आणली, किती आणली, त्यांच्यासाठी लाकूड किती आणि कापड किती, एवढेच तिच्यात होते. लिहिणाऱ्याला कोणाला अडकवायचे नव्हते. हिशेब जुळवायचा होता, एवढेच. म्हणूनच ती इतकी विश्वासार्ह होती. पोलीस ठाण्याच्या वहीत अटक नव्हती, कोर्टाच्या वहीत आरोपी नव्हता, पण स्मशानाच्या वहीत लाकूड होते. जिवंतपणाच्या सगळ्या नोंदी पुसता आल्या तरी फुकट जळायला लाकूड काही मिळत नाही.

खालडा आणि त्यांचे सहकारी अमृतसरहून तरनतारनला गेले, तिथून पट्टीला गेले. ठिकठिकाणच्या स्मशानांतल्या आणि नगरपालिकांतल्या नोंदी त्यांनी उतरवल्या. लाकडाच्या खरेदीवरून प्रेतांची संख्या ताडून पाहिली. जानेवारी १९९५ मध्ये त्यांनी हे सगळे पत्रकारांपुढे ठेवले. केवळ या जिल्ह्यात हजारोंना गुपचूप जाळले आहे, आणि हाच हिशेब राज्यभर धरला तर आकडा पंचवीस हजारांवर जाईल, असा त्यांचा अंदाज होता. हा शेवटचा आकडा त्यांचा अंदाज होता आणि राज्यभर त्याची पडताळणी कधीच झाली नाही. तीन स्मशानांतल्या नोंदी मात्र अंदाज नव्हत्या.

सरकारकडून उत्तर आले की बेपत्ता म्हणून सांगितले जाणारे तरुण खोट्या नावांनी परदेशात कामधंद्याला गेले आहेत. हायकोर्टात याचिका गेली, ती फेटाळली गेली. संस्थेने येऊ नये, ज्यांचे माणूस गेले त्यांनी स्वतः यावे, असा तिथला सूर होता. नवरा उचलला गेलेली बाई मुलगा घरात असताना पोलिसांविरुद्ध एकटीने कोर्टात कशी जाईल, याचा विचार त्या सुरात नव्हता.

त्या वर्षी खालडा कॅनडाला गेले आणि तिथल्या पंजाब्यांपुढे बोलले. मित्रांनी परत जाऊ नका म्हणून विनवले. आपल्या भाषणात त्यांनी एक जुनी गोष्ट सांगितली. सूर्य मावळला, सगळीकडे अंधार पसरला, तेव्हा एका झोपडीतल्या लहानशा दिव्याने सांगितले की बाकीचे मला माहीत नाही, पण माझ्या भोवतालचा अंधार मी हटवीन. ही गोष्ट सांगून ते पंजाबला परतले.

६ सप्टेंबर १९९५ ची सकाळ. मुख्यमंत्री बिअंतसिंग यांची बॉम्बस्फोटात हत्या होऊन आठवडाही झाला नव्हता. अमृतसरच्या कबीर पार्क वस्तीत खालडा आपल्या घरासमोर गाडी धूत होते. पोलिसांच्या गाड्या आल्या आणि त्यांना घेऊन गेल्या. त्यानंतर पोलिसांनी सांगितले की असा कोणी माणूस आमच्याकडे नाही. नाहीशा झालेल्यांचा हिशेब मांडणारा माणूस त्याच रीतीने नाहीसा केला गेला.

कोर्टाच्या पायऱ्या

एवढा फरक पडला की या वेळी ओरड ताबडतोब वर पोचली. शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीचे अध्यक्ष गुरुचरणसिंग तोहरा यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. कुलदीपसिंग यांना तार केली. न्यायालयाने ती तारच याचिका मानली. खालडांच्या पत्नी परमजीत कौर यांनीही याचिका केली. त्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करत होत्या. त्या दिवसापासून कोर्टकचेरी हे त्यांच्या आयुष्याचे दुसरे काम झाले. १५ नोव्हेंबर १९९५ रोजी न्यायालयाने सीबीआयला दोन्ही गोष्टींचा तपास सांगितला. खालडा कुठे आहेत, आणि त्यांनी मांडलेला हिशेब खरा आहे का?

डिसेंबर १९९६ मध्ये उत्तर आले. जून १९८४ ते डिसेंबर १९९४ या काळात अमृतसर, तरनतारन आणि पट्टी या तीन स्मशानांत पोलिसांनी २,०९७ प्रेते बेवारस म्हणून जाळली होती. त्यांतल्या ५८५ जणांची ओळख पूर्ण पटली, २७४ जणांची अंशतः पटली आणि १,२३८ अनोळखी राहिले. मानवी हक्कांची ही फार मोठ्या प्रमाणावरची उघड पायमल्ली आहे, अशा शब्दांत सर्वोच्च न्यायालयाने या अहवालाची दखल घेतली.

यातला ५८५ हा आकडा मला सर्वांत जास्त बोचतो. बेवारस म्हणजे ज्याला वारस नाही तो. इथे तर वारस होते आणि ते शोधत होते. सीबीआयला वर्षभरात जी नावे सापडली ती पोलिसांना सापडत नव्हती, असे मानायला कसलाही आधार नाही. बेवारस हा शब्दच इथे गुन्ह्याचे हत्यार झाला होता. त्या शब्दाने माणसाचे घर पुसले, गाव पुसले, बापाचे नाव पुसले.

खालडांच्या खुनाचा खटला दहा वर्षे चालला. त्यांना कोठडीत पाहणारा एक विशेष पोलीस धीर करून पुढे आला. त्याने सांगितले की त्यांना आठवडेच्या आठवडे ठाण्यात डांबून मारहाण झाली, ऑक्टोबरअखेरीस मारले आणि प्रेत हरिकेजवळ पाण्यात टाकले. प्रेत कधीच मिळाले नाही. ज्याने इतरांच्या सरणाचा हिशेब काढला त्याला सरणही मिळाले नाही. नोव्हेंबर २००५ मध्ये पतियाळाच्या न्यायालयाने सहा पोलिसांना दोषी ठरवले. २००७ मध्ये हायकोर्टाने पाच जणांना जन्मठेप दिली आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली.

भरपाई कशाची?

खालडांच्या खुनाला निदान शिक्षा झाली. बाकीच्या दोन हजारांचे काय झाले, ही या कहाणीतली कमी सांगितली गेलेली बाजू आहे. सर्वोच्च न्यायालयाने ते प्रकरण राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे सोपवले. आयोग १९९३ मध्ये स्थापन झालेला. एक वर्षाहून जुन्या तक्रारीत तो हात घालू शकत नाही, असे त्याच्याच कायद्यात लिहिलेले. आपण सोपवलेल्या कामाला ही अडचण लागू नाही, असा खुलासा न्यायालयाने १९९८ मध्ये केला. तरीही आयोगाने आपले काम त्या तीन स्मशानांपुरतेच ठेवले. बाकीच्या पंजाबच्या वह्या उघडल्याच गेल्या नाहीत.

काम संपले ते २०१२ मध्ये. तोवर ओळख पटलेल्या एकूण १,५१३ मृतांच्या वारसांना मिळून २७ कोटी ९४ लाख रुपये द्यावेत, असा आयोगाचा हिशेब झाला. त्याची फोड लक्षपूर्वक पाहिली पाहिजे. मरणापूर्वी पोलिसांच्या ताब्यात होते असे ठरलेले १९५ जण. त्यांच्या घरच्यांना प्रत्येकी अडीच लाख. उरलेले १,३१८ जण. त्यांच्या घरच्यांना प्रत्येकी पावणेदोन लाख, आणि तेही त्यांच्या प्रेतांची विल्हेवाट नियमांप्रमाणे लावली नाही म्हणून.

म्हणजे भरपाई मिळाली ती अंत्यविधीतल्या चुकीबद्दल. माणूस कोणी मारला, कसा मारला, का मारला, हे प्रश्न त्या हिशेबात आलेच नाहीत. एखाद्या आईने विचारावे की माझा मुलगा कुठे आहे, आणि तिला सांगावे की त्याला जाळताना फॉर्म भरला नव्हता, हे घ्या पैसे. रुपये नाकारण्याइतकी ऐपत त्या घरांची नव्हती. पण न्याय आणि भरपाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. न्यायाची सुरुवात सत्य सांगण्यापासून होते.

काही घरांना ते सत्य फार उशिरा मिळाले. सीबीआयच्या मोहालीच्या न्यायालयात १९९२-९३ मधल्या बनावट चकमकींचे खटले अलीकडच्या वर्षांत निकाली निघाले आणि म्हाताऱ्या झालेल्या निवृत्त पोलीस अधिकाऱ्यांना जन्मठेपेच्या शिक्षा झाल्या. तोवर तीस वर्षे गेली होती आणि कित्येक आईबाप वाट पाहतच गेले होते.

हा विषय अजूनही अवघड वाटतो. खालडांच्या आयुष्यावर हनी त्रेहान यांनी दिलजीत दोसांझला घेऊन चित्रपट केला. तो २०२२ मध्ये सेन्सॉर बोर्डाकडे गेला आणि अडकला. शंभराहून अधिक काटछाटी सुचवल्या गेल्याचे सांगितले जाते. न्यायालयाच्या निकालात छापलेली गोष्ट पडद्यावर दाखवायला इतके भय का वाटावे?

आपल्या हातातला कागद

पंजाबची ही कहाणी दूरची नाही. १९९५ ते १९९७ या काळात मुंबई पोलिसांच्या ९९ चकमकींत सुमारे १३५ माणसे मारली गेली. त्याविरुद्ध पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ही संघटना कोर्टात गेली. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकरणात देशभरासाठी नियम घालून दिले. चकमकीतल्या प्रत्येक मृत्यूची नोंद करून तपास दुसऱ्या यंत्रणेने करायचा, न्यायदंडाधिकाऱ्याने चौकशी करायची, आणि चकमक झाल्याबरोबर शौर्यपदके व बढत्या वाटायच्या नाहीत. पंजाबच्या बक्षिसांची आठवण ठेवली की या शेवटच्या नियमाचे मोल कळते.

सीबीआयचा अहवाल कोर्टापुढे आला त्याच महिन्यात, १८ डिसेंबर १९९६ रोजी, डी. के. बसू खटल्याचा निकालही लागला. अटक करणाऱ्या पोलिसाच्या छातीवर नावाची पट्टी हवी. अटकेचा कागद जागेवरच करावा, त्यावर वेळ आणि तारीख असावी, घरच्याची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही असावी, अटक झालेल्याचीही सही असावी. नातेवाइकाला कळवावे. कोठडीत दर ४८ तासांनी डॉक्टरी तपासणी व्हावी. हे सगळे नियम बारकाईने पाहिले तर त्यांचा गाभा एकच आहे. माणूस आणि त्याचे नाव यांची ताटातूट होऊ द्यायची नाही.

तरी मोठी फट राहिलीच. सक्तीने नाहीसे करण्याविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने २००७ मध्ये सही केली, पण तो अजून लागू केलेला नाही. छळाविरुद्धच्या करारावरची सही १९९७ ची, तीही तशीच पडून आहे. आपल्या फौजदारी कायद्यात 'नाहीसे करणे' असा स्वतंत्र गुन्हाच नाही. जुलै २०२४ पासून आलेल्या नव्या संहितेतही तो आला नाही. ज्या गुन्ह्याला कायद्यात नाव नाही, त्याची फिर्याद लिहायची तरी कोणत्या रकान्यात?

अतिरेक्यांना मोडून काढण्यासाठी हे करावेच लागले, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांना विचारावेसे वाटते की मग लपवले का? देशाच्या रक्षणासाठी केलेले काम रात्रीच्या अंधारात, नाव न लिहिता, मुलांच्या आयांना खोटे सांगून करावे लागत नाही. लपवणाऱ्यालाच ठाऊक असते की हे कायद्याला धरून नाही. दहशतवादी आणि सरकार यांत जो फरक आहे तो नोंदीचा आहे. सरकार जे करते ते आपल्या नावाने करते, लिहून करते, आणि विचारले तर उत्तर देते. ते सोडले की सरकार बंदूकधाऱ्यांच्या दुसऱ्या टोळीसारखे होते.

म्हणून शेवटी पुन्हा त्या वहीकडे यावे लागते. तरनतारनच्या किंवा पट्टीच्या स्मशानात कोणीतरी रोज संध्याकाळी बसून आजचे लाकूड लिहीत होता. त्यालाही भय असणारच. पण त्याने खाडाखोड केली नाही. आकडा होता तो लिहिला. पुढे एका माणसाने तो आकडा वाचला, एका बाईने तो कोर्टात नेला, आणि पुसून टाकलेल्यांपैकी दीड हजार जणांना त्यांची नावे परत मिळाली. पाचशेहून अधिक जण अजूनही त्या यादीत बेवारस आहेत. उद्या तुमच्या गल्लीतून कोणाला गाडीत बसवून नेऊ लागले, तर तो दोषी असो की निर्दोष, पुढे होऊन अटकेचा कागद मागा. वेळ वाचा, नाव वाचा आणि साक्षीदार म्हणून सही करा.